नवोदित कादंबरीकार आणि प्रोत्साहनाची नीती

‘मी एक कादंबरी लिहायला घेतली आहे’ असे एखादा विद्यार्थी किंवा तरुण सहकारी सांगतो तेव्हा आपण बहुधा ‘लिहा, अवश्य लिहा’ असे म्हणतो. या उत्तरात काही गैर आहे असे कुणाला वाटत नाही. समोरच्याचा हुरूप वाढतो, आपल्यालाही औदार्याचे समाधान मिळते आणि संभाषण दुसऱ्या विषयाकडे वळते. परंतु हे वाक्य उच्चारताना आपण नेमकी कोणती कृती करीत असतो, आणि त्या कृतीमुळे आपल्यावर काही उत्तरदायित्व येते की नाही, हा प्रश्न साहित्याच्या अध्यापनात आणि समीक्षेत आयुष्य घालवणाऱ्यांनी तरी टाळू नये. आपल्याकडे लेखकाच्या नीतीची चर्चा पुष्कळ झाली. बांधिलकी, अनुभवाची प्रामाणिकता, अश्लीलता हे विषय पुनःपुन्हा घोळले गेले. लेखकाला ‘लिही’ म्हणणाऱ्याच्या नीतीकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले.

कादंबरीच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्र होतो, याचे कारण या साहित्यप्रकाराच्या विस्तारात आहे. कविता किंवा लघुकथा फसली तर काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे श्रम वाया जातात. कादंबरी वर्षे मागते. आणि ही वर्षे सामान्यतः पंचविशी-तिशीतली, म्हणजे नोकरी, विवाह, आईवडिलांचे आजारपण, घराचे कर्ज यांच्याशी वाटून घ्यावी लागणारी असतात. शिवाय ती एकट्या लेखकाची नसतात. त्याच्या घरातल्या माणसांनी आपल्या वाट्याचा वेळ सोडलेला असतो, म्हणून ती त्याला मिळतात. तेव्हा ‘लिहा’ म्हणताना आपण एका माणसाला त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा खर्च करण्यास उद्युक्त करीत असतो. वैद्याने किंवा वकिलाने असा सल्ला दिला तर त्याच्या परिणामांबद्दल आपण त्याला जाब विचारतो. साहित्यिकाला कुणी विचारत नाही.

‘लिहा’ या शब्दाने दोन भिन्न गोष्टी सुचवल्या जातात आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक अनर्थांचे मूळ आहे. पहिला अर्थ असा: ‘तुम्ही कादंबरीकार आहात, निदान होणार आहात.’ हे व्यक्तीविषयीचे विधान आहे आणि त्याचे स्वरूप भाकिताचे आहे. दुसरा अर्थ असा: ‘तुम्ही जे लिहू पाहता आहात ते पूर्ण व्हायला हवे.’ हे कृतीविषयीचे विधान आहे, आणि ते करणारा माणूस त्या कृतीत स्वतःला थोडेफार गुंतवून घेत असतो. ती पूर्ण झाली की वाचण्याचे एक अलिखित वचन तो देतो. मला असे म्हणावयाचे आहे की पहिल्या अर्थाने दिलेले प्रोत्साहन देण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि दुसऱ्या अर्थाने द्यावयाचे तर ते आपण समजतो त्याहून बरेच महाग आहे.

पहिल्या अर्थाचा अधिकार का नाही? कादंबरीकार असण्याची लक्षणे व्यक्तीच्या ठिकाणी आधी ओळखता येतात, असे मानायला आधार नाही. शिक्षण, भाषेवरील प्रभुत्व, व्यासंग, बहुश्रुतता या निकषांवर एखादा जाणकार १९५० च्या सुमारास होतकरू कादंबरीकारांची यादी करायला बसला असता तर जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊ साठ्यांचे नाव तीत आले नसते. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. उलट त्या यादीत आली असती अशी कितीतरी नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. कृतीच्या बाबतीतही पूर्वानुमान दुबळेच असते. कवितेची एखादी ओळ कवीची जात दाखवून जाते. कादंबरीचे पहिले प्रकरण असे काही दाखवतेच असे नाही, कारण तिच्यातल्या एखाद्या प्रसंगाचे मोल पुढे दोनशे पृष्ठांनी काय घडते त्यावर ठरत असते. मध्येच थांबलेल्या कादंबरीबद्दल फक्त एवढेच म्हणता येते की ती थांबली आहे.

या भेदाचे एक बोलके उदाहरण रशियन साहित्याच्या इतिहासात आहे. १८४५ च्या वसंतात पीटर्सबर्गमध्ये तेवीस वर्षांच्या दस्तयेव्स्कीने ‘गरीब माणसे’ या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित आपल्याबरोबर एकाच बिऱ्हाडात राहणाऱ्या ग्रिगोरोविचच्या हाती दिले. ग्रिगोरोविच ते घेऊन नेक्रासॉव्हकडे गेला. दोघांनी रात्रभर मोठ्याने वाचून ते संपवले आणि पहाटे चार वाजता लेखकाला उठवून त्याला मिठ्या मारल्या. नेक्रासॉव्हने मग बेलिन्स्कीला जाऊन सांगितले की नवा गोगोल जन्माला आला आहे. तुमच्याकडे गोगोल कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवतात, असे बेलिन्स्कीने त्याला सुनावले. पण वाचल्यावर तोही विरघळला आणि लेखकाला भेटीस बोलावले.

पुढे काय झाले ते परिचित आहे. ‘नवा गोगोल’ ही पदवी तरुण लेखकाच्या डोक्यात भिनली. त्या महिन्यांत त्याने भावाला लिहिलेली पत्रे वाचवत नाहीत, इतकी ती आत्मगौरवाने फुगलेली आहेत. १८४६ च्या आरंभी ‘गरीब माणसे’ छापली गेली. दोनच आठवड्यांच्या अंतराने ‘दुसरा’ ही कादंबरिका आली, आणि ज्या मंडळाने त्याला डोक्यावर घेतले होते त्याचा उत्साह ओसरू लागला. बेलिन्स्की निराश झाला; तुर्गेनेव्ह आणि नेक्रासॉव्ह यांनी मिळून त्याची टवाळी करणारे पद्य रचले. एका वर्षाच्या आत माणूस मखरात बसवला गेला आणि उतरवलाही गेला. व्यक्तीला दिलेल्या प्रशस्तीचा हा स्वभावच आहे. ज्याला आपण ‘नवा अमुक’ म्हणतो त्याने दुसऱ्या पुस्तकातही तो अमुकच असावे अशी आपली मागणी असते; आणि ‘दुसरा’मध्ये लेखक नेमका स्वतःच्या वाटेला लागलेला होता.

एवढ्यावरच थांबलो तर हा प्रसंग प्रोत्साहनाविरुद्धचा पुरावा ठरेल. परंतु दस्तयेव्स्कीने १८७७ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी, आपल्या ‘लेखकाची दैनंदिनी’त या भेटीची आठवण लिहिली. मधल्या काळात मृत्युदंडाची शिक्षा, ऐन वेळी मिळालेली तहकुबी आणि सैबेरियातील सक्तमजुरीची चार वर्षे होऊन गेली होती; बेलिन्स्कीशी त्याचे मतभेद विकोपाला गेले होते. तरीही तो क्षण आपल्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा होता आणि सक्तमजुरीत त्याच्या आठवणीने आपल्याला बळ दिले, असे तो सांगतो. त्या भेटीतले त्याला काय आठवते, हे येथे पाहण्यासारखे आहे. बेलिन्स्की एका गुंडीबद्दल बोलला होता. वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या दरिद्री कारकुनाच्या अंगरख्याची गुंडी तुटून घरंगळत जाते, तो प्रसंग. त्या गुंडीत काय भयंकर आहे आणि आपण काय लिहून गेलो आहोत हे तुम्हाला स्वतःला तरी समजले आहे का, असे तो पुनःपुन्हा विचारत होता.

‘नवा गोगोल’ने नुकसान केले आणि गुंडीने तारले, असे म्हणणे थोडे सोपे होईल, स्मृती अशी सोयीस्कर विभागणी करीत नाही. तथापि दोन्हींमधला फरक स्पष्ट आहे. पदवी लेखकाला त्याच्या प्रतिमेकडे पाहायला लावते. गुंडीविषयीचे बोलणे त्याला त्याच्या कृतीकडे परत पाठवते, आणि आपल्या हातून झालेली एक गोष्ट कुणीतरी पूर्णपणे पाहिली याची खात्री देते. अशी खात्री पुढे मतभेद झाले, उपहास झाला, तरी खोटी पडत नाही.

म्हणूनच प्रतिकूल मतदेखील कधीकधी अधिक खरे प्रोत्साहन असते. फ्लोबेरने १८४९ साली ‘संत अँथनीचे प्रलोभन’ या कृतीचे पहिले लेखन लुई बुये आणि मॅक्सिम द्यु कां या दोन मित्रांना चार दिवस, रोज आठ तास, वाचून दाखवले. मध्ये मत द्यायचे नाही असे ठरले होते. अखेरीस त्यांनी सांगितले की हे आगीत टाकावे आणि पुन्हा त्याचे नाव काढू नये. हा किस्सा सांगताना आपण त्या निष्ठुर वाक्यावर भर देतो. मला त्यातले बत्तीस तास अधिक महत्त्वाचे वाटतात. बत्तीस तास ऐकून घेतल्यावर माणसाला ‘जाळून टाक’ म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. दहा पाने चाळून ‘उत्तम आहे, चालू ठेवा’ म्हणणाऱ्याला तेवढेही म्हणण्याचा नसतो. फ्लोबेरने ते हस्तलिखित जाळले नाही. पुन्हा पुन्हा लिहून १८७४ साली ते प्रसिद्ध केले. मध्यंतरी ‘मादाम बोव्हारी’ झाली होती. मित्रांचे मत त्याने पूर्ण स्वीकारले नाही आणि पूर्ण नाकारलेही नाही. गंभीर वाचनाला लेखक असाच प्रतिसाद देतो.

मराठीकडे वळले असता प्रोत्साहनाची किंमत ज्यांनी स्वतः मोजली अशा माणसांची उदाहरणे समीक्षकांपेक्षा प्रकाशकांत अधिक सापडतात, ही आपल्या दृष्टीने फारशी गौरवाची गोष्ट नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले आणि ही बाई कोण याबद्दल पांढरपेशा समाजात खळबळ उडाली. पुस्तक कथांचे होते. ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी पुढच्याच वर्षी आली. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी लेखिकेचे नाव गुप्त राखले. अविवाहित, शिक्षणसंस्थेत नोकरी करणाऱ्या स्त्रीला त्या काळी ‘निर्भयपणे लिहा’ असे सांगणे अगदी सोपे होते. निर्भयतेची किंमत सांगणाऱ्याला द्यावयाची नव्हतीच. मोट्यांनी काय केले? टोपणनावाच्या आड लेखिकेला उभे राहू दिले आणि वादळ पुस्तकाच्या प्रकाशकाच्या दारावर आदळू दिले. जोखमीतला वाटा उचलणे म्हणतात ते हे.

‘कोसला’च्या मागे रा. ज. देशमुखांचा आग्रह होता, हेही सर्वश्रुत आहे. १९६३ साली भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्या नावावर कादंबरी नव्हती आणि जे लिहून होणार होते ते प्रचलित कादंबरीच्या कोणत्याही साच्यात बसणारे नव्हते. देशमुखांनी त्यांना लिहायला लावले आणि लिहून झालेले छापले. भाकीत म्हणून पाहिले तर हा निव्वळ जुगार होता. कृतीविषयीचे वचन म्हणून पाहिले तर त्यात जुगारासारखे काही नाही: लिहून आणशील तर मी छापीन, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पाळला गेला. याच नेमाड्यांनी पुढे ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या लेखात ज्या प्रक्रियेवर हल्ला चढवला ती म्हणजे व्यक्तीला दिलेल्या प्रोत्साहनाचे सामाजिक रूपच होय: सत्कार, अध्यक्षपदे, मंडळांची सदस्यत्वे. लेखकरावाला लिहिण्याची गरज उरत नाही, कारण तो काय आहे हे ठरून गेलेले असते. ‘कोसला’नंतर ‘बिढार’ यायला १९७५ साल उजाडले. मधली बारा वर्षे ‘पुढची कादंबरी कधी?’ असे विचारणाऱ्यांना सोसणे हीदेखील एक साधना असली पाहिजे.

आपल्याकडे नवोदितांच्या पुस्तकांना ज्येष्ठांनी लिहिलेल्या प्रस्तावना हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला आहे. त्यात लेखकाच्या ‘संवेदनशील मना’चा उल्लेख असतो, ‘अपेक्षा उंचावल्या आहेत’ असे म्हटलेले असते आणि शेवटी ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ असतात. कादंबरीच्या अशा प्रस्तावनेत कादंबरीतील एकाही प्रसंगाचा नेमका उल्लेख नसेल तर ती न वाचता लिहिलेली आहे असे खुशाल समजावे. प्रशंसा खोटी असणे हा तिचा मोठा दोष नव्हे. ती कुणालाही लागू पडते हा आहे. तिने लेखकाला तो एकटाच आहे हे अधिकच कळते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तो असा की हे सर्व अनावश्यक आहे. खरा लेखक असेल तो कुणी म्हटले नाही तरी लिहील, आणि जो प्रोत्साहनाअभावी थांबतो तो थांबला हेच बरे. या मताला एक कणखर आकर्षण आहे आणि बरेच चांगले लेखक ते मांडत आले आहेत. पण त्यातला तर्क सदोष आहे. ज्यांनी लिहिले त्यांच्याकडे पाहून आपण म्हणतो की प्रतिभा अडथळ्यांना पुरून उरते. जे उरले नाहीत ते मोजणीतच नसतात. आणि न उरलेल्यांची निवड प्रतिभेने केलेली असते असेही दिसत नाही. कुणाला स्वतंत्र खोली नव्हती, कुणाला रात्रपाळी होती, कुणाला आपली बोली पुस्तकात शोभत नाही असे शाळेत शिकवले गेले होते, कुणाला स्वयंपाक आणि तान्हे मूल यांतून सलग दोन तास मिळत नव्हते. ‘खरा असेल तर लिहील’ हे म्हणणे अशा वेळी न्यायासारखे ऐकू येते, प्रत्यक्षात ते आहे त्या वाटणीला मान्यता देते.

उद्धव शेळक्यांचे उदाहरण याहून अवघड आहे. ‘धग’ १९६० साली आली. वऱ्हाडी बोलीतली, कौतिक नावाच्या स्त्रीच्या जिद्दीची ही कादंबरी मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते, आणि तिची प्रशंसा करण्यात समीक्षा कमी पडली असे म्हणता येणार नाही. पुढे शेळक्यांनी उपजीविकेसाठी विपुल रंजनपर कादंबऱ्या लिहिल्या आणि समीक्षकांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीत एक सोयीस्कर सोवळेपणा आहे. लेखणीवर पोट भरणाऱ्या माणसाने ‘धग’सारखी दुसरी कादंबरी लिहिण्यासाठी लागणारी चार-पाच वर्षे कुठून आणावीत, हा प्रश्न ज्यांनी विचारला नाही त्यांना त्या वर्षांच्या विनियोगाबद्दल हळहळण्याचा कितपत अधिकार आहे? प्रशंसेने भाकर मिळत नाही ही तक्रार जुनीच आहे. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. प्रशंसा करणाऱ्याने ‘पुढची लिहा’ असे म्हणताच तो भाकरीच्या प्रश्नात शिरलेला असतो, त्याला ते कळो वा न कळो.

तेव्हा नवोदिताला व्यावहारिक सल्ला द्यावयाचा तर तो भाकरीपासून आणि वेळेपासून सुरू व्हावा. कथानक आणि पात्रचित्रण यांपासून नव्हे. तंत्राचे शिक्षण मराठीला नवीन नाही. ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि कथा-कादंबरी ही शिकता येण्याजोगी विद्या आहे हा त्यातला आग्रह, प्रतिभेला दैवी मानणाऱ्या वातावरणात, लोकशाहीवादीच म्हटला पाहिजे. फडक्यांच्या तंत्रवादाची नंतर यथेच्छ टिंगल झाली, काही अंशी योग्यच झाली. पण तंत्राविषयीचा सल्ला जात्याच लवकर शिळा होतो. मारिओ व्हार्गास योसा या कादंबरीकाराने १९९७ साली तरुण कादंबरीकाराला पत्रे लिहिल्याचा घाट घेऊन निवेदक, काळ, अवकाश, वास्तवाच्या पातळ्या यांची मोठी सूक्ष्म चर्चा केली, आणि शेवटच्या पत्रात सांगितले की आता हे सर्व विसरा आणि कादंबऱ्या लिहायला बसा.

वेळेविषयी ट्रोलपइतके रोखठोक कुणी लिहिलेले नाही. टपाल खात्यात पूर्ण वेळ नोकरी करीत असताना तो पहाटे साडेपाचला मेजाशी बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिही. १८८३ साली, मृत्यूनंतर, त्याच्या आत्मचरित्रातून हे जाहीर झाले तेव्हा त्याच्या कीर्तीला धक्का बसला. कारखानदारी पद्धतीने निर्माण झालेले वाङ्मय थोर असेल यावर रसिकांचा विश्वास बसेना. घड्याळाची ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. त्याला रोज पहाटे कॉफी घेऊन उठवायला एक म्हातारा मोतद्दार येत असे आणि त्या कामाबद्दल ट्रोलप त्याला वर्षाला पाच पौंड जादा देई. आपल्या यशाबद्दल आपण इतर कुणाहीपेक्षा या माणसाचे अधिक ऋणी आहोत, असे तो म्हणतो. घरातल्या नोकराचे ऋण पौंडांत मोजून चुकते करणे ही व्हिक्टोरियन तऱ्हा झाली. पण हिशेब त्याने निदान मांडला. ‘युद्ध आणि शांती’ची हस्तलिखिते पुन्हा पुन्हा नकलून काढणाऱ्या सोफिया तॉल्स्तॉयच्या तासांचा हिशेब कुणी मांडला, आणि मराठी लेखकांच्या घरांत तो कधी मांडला गेला का, हे ज्याचे त्याने पाहावे. जो तरुण कादंबरी लिहायला बसतो आहे त्याला मी पहिला प्रश्न असा विचारीन की सकाळचे ते दोन तास तू कुणाकडून घेणार आहेस, आणि ज्याच्याकडून घेणार त्याला तू ते सांगितले आहेस काय? तरुणीला हा प्रश्न विचारावा लागत नाही. तिला उत्तर आधीच पाठ असते.

दुसरा सल्ला मौनाविषयी आहे. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत तो कुणाला वाचून दाखवू नये. प्रकरण लिहून झाले की मित्रमंडळींत वाचायचे ही सवय आपल्याकडे कवितावाचनावरून आली असावी. कादंबरीला ती मानवत नाही. सुटे वाचलेले प्रकरण दाद मिळेल असे होऊ लागते आणि कादंबरीच्या सपाट, कंटाळवाण्या, पण आवश्यक अशा जागा, ज्यांतून काळ वाहतो, त्या लेखक टाळू लागतो. दिवाळी अंकासाठी कादंबरीचा एक तुकडा आधी कापून देण्याचाही हाच परिणाम होतो. मागणी आली की नकार देणे कठीण असते, मानधनही असते. तरी कादंबरी पूर्ण असेल तरच तुकडा द्यावा. आणि खर्डा पूर्ण झाल्यावर मात्र तो दोनच माणसांना द्यावा, ज्यांपैकी एकाला साहित्यात फारशी गती नसली तर उत्तम.

तिसरी गोष्ट खरी नैतिक अडचणीची आहे. पहिली कादंबरी बहुतेकदा लेखकाच्या गावावर, घरावर, आईवर, बहिणीवर लिहिलेली असते. साठनंतरच्या मराठी साहित्याला जे नवे बळ आले ते याच धाडसातून, की आजवर पुस्तकात न आलेली माणसे त्यांच्या बोलीसकट पुस्तकात आली. ‘अनुभवाशी प्रामाणिक राहा’ हा सल्ला आपण या काळात मंत्रासारखा दिला. परंतु ज्यांचा अनुभव लिहिला जातो त्यांना पुस्तक वाचता येत नसे, किंवा आले तरी प्रतिवाद करण्याचे स्थान त्यांच्याकडे नसे. लेखक शहरात सत्कार घेत असता गावात त्याच्या आईला शेजारीण काय विचारीत असेल, याचा विचार प्रामाणिकपणाच्या सिद्धांतात बसत नाही. यावर नाव बदला, गाव बदला असा तोडगा सांगितला जातो. तो कायद्यापुरता ठीक आहे, गावातल्या माणसांना सर्व काही कळतेच. मला विचारले तर मी एवढेच सांगेन की ज्या माणसावर लिहिता आहात त्याच्या बाजूने एकदा ते प्रकरण लिहून पाहा, छापण्यासाठी नव्हे. त्या लेखनात तो माणूस तुम्हाला जे उत्तर देईल त्याने कादंबरीतला प्रसंग बदलला नाही तर प्रसंग कदाचित बरोबर असेल. मालतीबाई बेडेकरांना, म्हणजेच विभावरी शिरूरकरांना, गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींच्या सोलापूरच्या वसाहतीत नोकरी करताना जे दिसले त्याची ‘बळी’ ही कादंबरी १९५० साली झाली. अनुभव आणि कादंबरी यांच्यामध्ये गेलेली वर्षे वाया गेली असे ती वाचताना वाटत नाही. त्या माणसांकडे दयेने पाहणे संपायला तेवढा काळ लागत असावा.

प्रकाशनाविषयी थोडक्यात. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण हस्तलिखित न वाचता पैसे मागणाऱ्याकडे देऊ नये. नकार आला तर कारण विचारावे. ते मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

राहिला प्रश्न थांबण्याचा. ‘लिहा’ म्हणणाऱ्याने योग्य वेळी ‘सोडा’ म्हणायला हवे का? व्यक्तीविषयी भाकीत करण्याचा अधिकार नाही हे मान्य केले तर ‘तुम्ही कादंबरीकार नाही’ असे म्हणण्याचाही नाही. निराशेचे भाकीत आशेच्या भाकिताहून अधिक शास्त्रशुद्ध नसते. पण ही कादंबरी या रूपात पुढे जात नाही, असे पूर्ण वाचलेल्या माणसाला म्हणता येते आणि कधीकधी म्हणावेच लागते. जो ते टाळतो तो दुसऱ्याची वर्षे आपल्या सौजन्यासाठी खर्चतो.

या संदर्भात ग्रिगोरोविच पुन्हा भेटतो. दस्तयेव्स्कीला पहाटे उठवणारा तो तरुण १८८६ साली म्हातारा झाला होता. त्या मार्चमध्ये त्याने विनोदी साप्ताहिकांतून टोपणनावाने भराभर लिहिणाऱ्या एका तरुण डॉक्टरला अनाहूत पत्र लिहिले: तुमच्यापाशी खरा गुण आहे, घाईने लिहिणे सोडा. चेखॉव्हने हादरून उत्तर दिले की ज्या कथेवर आपण एका दिवसाहून अधिक काळ घालवला अशी एकही आपल्याला आठवत नाही. पुढे ग्रिगोरोविच आणि इतर हितचिंतक त्याने मोठी कादंबरी लिहावी असे सुचवीत राहिले, कारण रशियात लेखकाचा कस कादंबरीत लागतो अशी त्या पिढीची धारणा होती. चेखॉव्हने मनापासून प्रयत्न केला. १८८७ पासून जवळजवळ दोन वर्षे तो एका कादंबरीवर काम करीत होता, पत्रांतून तिच्या प्रगतीचे आणि अडचणींचे वृत्तांत देत होता. ती कधीच पूर्ण झाली नाही, आणि त्याने ती सोडून दिली. याच काळात, १८८८ साली ‘स्टेप’ आणि १८८९ साली ‘कंटाळवाणी गोष्ट’ या त्याच्या दीर्घ कथा प्रसिद्ध झाल्या, ज्यांतल्या एकीवरही घाईची खूण नाही.